सासूबाईंचं कार्ड

६ जानेवारी, सोमवार
साप्ताहिक सुट्टी. सकाळी अंगणात मंगलच्या चपलांचा आवाज आला. ती गेल्यापासून चार महिन्यांत पहिल्यांदा. वर पाहिलं तर सा.बाई. स्वतःच्या चपला पायात जाईनात म्हणून लेकीच्या घातलेल्या. मं.चा पाय मोठा होता. घोट्यांवर सूज. माझं लक्ष गेलं तशी त्यांनी साडी खाली ओढून घेतली.
महिन्याचा पहिला सोमवार. मेडिकलमधून सा.बाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या आणल्या आणि नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवल्या. मं.ने सांगितलेलं हे एक काम सहा वर्षांत कधी चुकलेलं नाही.

७ जाने., मंगळ
आतून, "च्या झालाय म्हनावं." मी बाहेरून, "इथेच ठेवा म्हणावं." पूर्वी हे मं.च्या मार्फत चालायचं. आता मध्ये कोणी नाही, 'म्हणावं' तेवढं राहिलं आहे. आठ वर्षं एका घरात राहून सा.बाईंशी मी सरळ चार वाक्यं बोललेलो नाही. त्याही नाहीत. जावयासमोर त्या बसतसुद्धा नाहीत.
सुजेचं विचारायचं कसं? संध्याकाळी शेजारच्या शाहीन भाभींना सांगितलं. त्या आत गेल्या, दहा मिनिटांनी बाहेर आल्या.
"भाई, पाँवच नहीं, मूँ बी सूजे सो है. तुमना दिखता नहीं क्या?"
मी तोंडाकडे पाहत नाही, हे त्यांना काय सांगणार.

८ जाने.
भाभी त्यांना गल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मी बाहेर बाकावर. जावयाने आत जायचं नसतं. रक्त, लघवी तपासायला दिली.

९ जाने., गुरु
रिपोर्ट. क्रिएटिनीन ५.४. सव्वाच्या आत पाहिजे म्हणाले डॉक्टर. "हे माझं काम नाही. किडनीचा डॉक्टर गाठा. आठ-पंधरा दिवसांत गाठा. उशीर झाला तर डायलिसिसच्या मशीनवरच न्यावं लागेल."
घरी येऊन भाभींमार्फत सांगितलं. मी दारात उभा होतो.
सा.बाई भिंतीकडे बघून, "जावयाच्या पैशानं मी दवाखान्यात जानार न्हाय. माझं कार्ड हाय की."
हळदीच्या डब्यामागून कार्ड काढलं. सरकारी योजनेचं, त्यांच्या गावी नातेपुत्याला शिबिरात केलेलं. रुमालात गुंडाळलेलं. एकदाही वापरलेलं नाही.
भाभी म्हणाल्या, "अम्मा, जमाई बी तो बेटाच है ना."
"जावई त्यो जावई. सरकारचं घ्यायला मला लाज न्हाय. ज्यो डाक्टर कार्ड घील त्याच्याकडं येते."
याच हिशेबाने आठ वर्षं त्या स्वतःच्या रेशनच्या ज्वारीची भाकरी वेगळी थापून खातात. पिठाचे डबे दोन. मं. चिडायची. मग तिने सोडून दिलं.

१० जाने., शुक्र
चिंचोळीला फॅक्टरीच्या ऑफिसात विचारलं. माझ्या पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जातात. क्लार्क कागद बघून म्हणाला, "आई चालते, वडील चालतात. सासू कुठं बसत नाही हो यात." दुसरा टेबलावरून, "सासू कशातच बसत नाही." हसले. मीही थोडा.
सुटल्यावर शहरात किडनीच्या एका डॉक्टरांकडे. काउंटरवरची मुलगी मान वर न करता, "योजना नाही इथे काका. कॅश, नाहीतर कंपनीचा मेडिक्लेम."
"मग योजना कुठे आहे?"
"चौकशी करा."

११ जाने., शनि
लिहायला बरं वाटत नाही, पण लिहितो.
सकाळी त्याच दवाखान्यात जाऊन तपासणीचे पैसे भरले. मुलीला सांगितलं, आजींनी विचारलं तर कार्ड चाललं म्हणा. ती बरं म्हणाली. घरी भाभींना सांगितलं, डॉक्टर मिळाला, कार्ड घेतात. दुपारी दोघी रिक्षाने आल्या. सा.बाई काउंटरवर गेल्या, रुमाल सोडला, कार्ड ठेवलं आणि उजवा अंगठा पुढे केला.
"मशीन कुटं हाय?"
मुलगी गोंधळली. "अंगठा नाही लागत आजी. पैसे भरलेत तुमचे."
"कुनी?"
माझ्याकडे पाहिलं नाही. कार्ड रुमालात परत बांधलं आणि बाहेर पडल्या. रिक्षात, ड्रायव्हरच्या पाठीला उद्देशून, "त्यांना म्हनावं, मला येडी समजू नगा. सरकार अंगठ्याबिगर वाटीभर तांदूळ देत न्हाय."
भाभी तोंडावर पदर धरून हसत होत्या. ड्रायव्हरसुद्धा. मी मागून मोटरसायकलवर. भाभींनी संध्याकाळी सांगितलं.
रात्रीचं ताट नेहमीसारखं झाकून ठेवलेलं होतं.

१४ जाने., संक्रांत
वर्ष सरलेलं नाही, त्यामुळे सण नाही. तिळगूळ नाही. गड्ड्याची यात्रा सुरू आहे. दवाखाने अर्धे बंद, रस्ते पूर्ण बंद. आज काही हलणार नव्हतं.
भाभींना सा.बाई म्हणाल्या ते, "लेक व्हती तवर लेकीचं घर व्हतं. आता कुनाचं घर हाय ह्ये? मी जाते नातेपुत्याला."
नातेपुत्याच्या घराला कुलूप आहे. त्यांना दुसरं कोणी नाही. मं. एकटीच होती.

१७ जाने., शुक्र
अर्धी रजा. दुसरं हॉस्पिटल. बाहेर योजनेचा मोठा बोर्ड, त्यावर किडनी विभाग, डॉक्टरांचं नाव. योजनेच्या टेबलावर एक मुलगा, आरोग्यमित्र म्हणतात त्याला. कार्ड बघितलं.
"चालतं की. पेशंट ॲडमिट झाला की चालतं. नुसतं दाखवायला नाही चालत."
"मग ॲडमिट करा."
"किडनीचे सर सोडून गेले ना काका. दिवाळीच्या आधीच."
"बोर्डावर नाव आहे."
"बोर्ड काढायचाय."

२० जाने., सोम
सुट्टी. योजनेच्या फोन नंबरवर तीनदा प्रयत्न. चौथ्यांदा लागला. पलीकडच्या बाईंनी सोलापुरातली नावं वाचून दाखवली. एक शुक्रवारचंच. एकीकडे फोन केला, तिथे मशीन आहे पण डॉक्टर पुण्याहून महिन्यातून दोनदा येतात, पुढची तारीख फेब्रुवारीची. एक नंबर बंद.
सूज गुडघ्यापर्यंत आली असं भाभी म्हणाल्या. जेवण कमी झालं आहे, ते मला ताटल्यांवरून कळतं.

२१ जाने., मंगळ
भाभींनी आज आपण होऊन सांगितलं. त्यांच्या भावाचं डायलिसिस दीड वर्षापासून चालू आहे, कार्डावर. विजापूर रस्त्याला, पेट्रोल पंपाच्या मागच्या गल्लीत. लहान हॉस्पिटल आहे. किडनीच्या डॉक्टर बाई आहेत, मंगळवारी आणि शुक्रवारी बसतात.
"बात कम करते, लेकिन देखते बराबर. और कार्ड चलताय, मैं खुद देखी."
दहा-बारा दिवस मी शहरभर विचारत फिरलो, शेजारच्या दारात विचारलं नाही. भाभींना वाटलं, मी फॅक्टरीचा माणूस, मला मोठा डॉक्टर पाहिजे असेल.
भाभी आणखी म्हणाल्या, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, त्या बाई बघतात.

२३ जाने., गुरु
कोनाड्यातल्या गोळ्या पिशवीत भरल्या. बीपीच्या, अर्ध्या उरलेल्या. मं. गेल्यापासून नीट घेतलेल्या दिसत नाहीत. गुडघ्याच्या मात्र बरोबर, आजपर्यंतच्या संपलेल्या. उद्यापासूनच्या शिल्लक.

२४ जाने., शुक्र
आज बरंच झालं. क्रमाने लिहितो.
साडेदहाला पोचलो. सा.बाई, भाभी आत गेल्या. मी बाहेर. पाच मिनिटांनी नर्स, "पेशंटबरोबरचे कोण? आत या." मी म्हणालो, मी जावई. "असू द्या, डॉक्टर बोलावतात."
डॉक्टर बाई तरुण. पिशवी टेबलावर रिकामी केली. पांढरी पट्टी उचलली.
"हे कोण देतं यांना?"
"मी आणतो."
"रोज?"
"रोज एक. सहा वर्षं."
त्यांनी सा.बाईंना विचारलं, "आजी, गुडघे फार दुखतात का?"
सा.बाई भिंतीवरच्या किडनीच्या चित्राकडे बघत, "न्हाय. आता न्हाय दुकत. दोन-तीन वरसं झाली की."
"मग गोळी कशाला घेता?"
"जावईबापू आनत्यात."
"अहो पण दुखत नाही तर..."
"जावयानं हातानं आनल्यालं. न्हाय कसं म्हनायचं?"
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, दुखण्याची गोळी इतकी वर्षं रोज घेतली की किडनीला मार बसतो, वर बीपी. "आजपासून ही बंद. एकही नाही. आता ॲडमिट करते, पाणी उतरवू. मग तीन आठवड्यांनी बघू किडनीचं काम किती परत येतंय. आलं तर औषधांवर भागेल. नाही आलं तर डायलिसिस. त्यासाठी हाताच्या नसेचं छोटं ऑपरेशन लागतं, तेही योजनेत बसतं." सा.बाईंना म्हणाल्या, "डाव्या हातातून कुणाला रक्त काढू देऊ नका, सुई टोचू देऊ नका. डावा हात राखून ठेवा."
सा.बाईंनी डावा हात लगेच पदराखाली घेतला.
मग योजनेचं टेबल. कार्ड चालतं म्हणाले. सा.बाईंनी अंगठा दिला. उठला नाही. पुसून दिला, ओलसर करून दिला. दहाही बोटं झाली. जन्मभर रानात खुरपणी, रेषा राहिलेल्या नाहीत. "रेशनला उटतो की माझा," सारखं म्हणत होत्या. डोळ्याच्या मशीनवरही जमेना, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं.
आरोग्यमित्र म्हणाला, "ओटीपी टाकू. मोबाइल नंबर जोडलेला आहे." शेवटचे चार आकडे वाचले.
मं.चा नंबर.
"फोन चालू आहे का?" त्याने विचारलं.
चालू आहे. दर महिन्याला रिचार्ज करतो, रविवारी चार्ज करतो. कारण कोणी विचारलेलं नाही. घरी जाऊन कपाटातून आणला. येईपर्यंत पाऊण तास. त्याने पुन्हा पाठवला. मेसेज वाजला. सहा आकडे वाचून दाखवले.
सा.बाई फोनकडे बघत होत्या. "मंगीचा न्हवं?"
"हो."
आमच्या दोघांच्याही बोलण्यात 'म्हणावं' नव्हतं. हे घरी आल्यावर लक्षात आलं.

२५ जाने.
सा.बाई हॉस्पिटलात. भाभी दिवसा, त्यांची भावजय रात्री. मी सकाळ-संध्याकाळ दारापर्यंत.
गोळ्या मी आणत होतो.
एवढंच लिहायचं होतं.

२६ जाने., रवि
मेडिकलमध्ये कोणी कधी चिठ्ठी मागितली नाही, मीही दाखवली नाही. दाखवायला पहिल्या महिन्यापासून नव्हतीच. मेडिकलवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. मं. एकदा म्हणाली होती, "आईचे गुडघे दुखतात, ती पांढरी गोळी आणत चला." थांबवा असं कोणी म्हणालं नाही. मी विचारलं नाही. सासूला गुडघ्याचं विचारतात का कोणी? मला वाटायचं, हेच एक मी नीट करतो.
फोन चार्जिंगला लावला.

२८ जाने., मंगळ
घरी सोडलं. सूज बरीच उतरली. क्रिएटिनीन ४.६. डॉक्टर, "उतरतंय, पण घाई नको." पुढची तपासणी १४ तारखेला. काही भरावं लागलं नाही, सोडतानाच्या अंगठ्याऐवजी डॉक्टरांचा सही-शिक्का चालला. सा.बाईंनी निघताना आरोग्यमित्राला विचारलं, "म्हंजे समदं सरकारचं न्हवं? ह्यांचं काय न्हाय?" तो म्हणाला नाही. मग रिक्षात बसल्या.

३० जाने.
डावा हात राखायचा म्हणजे काय, हे सा.बाईंनी फारच मनावर घेतलं आहे. मनगटाला हातरुमाल बांधलाय. डाव्या हाताने तांब्यासुद्धा उचलत नाहीत. चहा एका हाताने. भाभी म्हणाल्या, "अम्मा, सुईकू मना किये, कामकू नहीं." ऐकत नाहीत. "डाक्टरीनबाईनं राकून ठिवायला सांगितलाय. वापरल्यावर राकल्याला कसा व्हईल?"
भाकरी होत नाही. दोन दिवस भात.

३ फेब्रु., सोम
पहिला सोमवार. पाय आपोआप मेडिकलकडे वळले. त्याने मला पाहून पट्ट्या काढून काउंटरवर ठेवल्या. नको म्हणालो. "संपल्या नाहीत का?" नको, आता नकोच. बीपीच्या चिठ्ठीप्रमाणे घेतल्या आणि आलो.
संध्याकाळी सा.बाई उंबऱ्याजवळ आल्या. उंबऱ्याकडे पाहिलं. मी ओट्यावर बसलेलो.
"आज काय ठिवलं न्हाय."
"नाही."
"मंगीला म्हनले व्हते मी एकदा. गुडघं ऱ्हायले, आता नगं म्हनावं. ती म्हनली, ते यवढ्या आठवनीनं आनत्यात, घेत जा की आई. त्यांना बरं वाटतं."
त्या आत गेल्या.
म्हणजे मं.लाही माहीत होतं. मला तिचा राग आला असं नाही. तिच्यावर रागवावं असंही वाटत नाही. फक्त तिने सांगायला हवं होतं, एवढं...

७ फेब्रु.
फॅक्टरी. माल लोड करायचा होता, उशीर. घरी आलो तर सा.बाईंनी भात तसाच ठेवलेला. तोंडाला चव नाही म्हणाल्या, भाकरीबिगर जेवल्यासारखं वाटत नाही. भाभींनी चपात्या पाठवल्या होत्या, त्या परत.

१० फेब्रु., सोम
नातेपुत्याचा विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही. पायात आज त्यांच्याच चपला. मं.च्या पुसून भिंतीशी ठेवल्या आहेत, जोडीने.
चेहरा मात्र सकाळी थोडा फुगलेला वाटला. आता मी बघतो. खात्री नाही.

१३ फेब्रु., गुरु
उद्या तपासणी. डॉक्टरांना फोन करून वेळ घेतली, साडेदहा. पिशवी भरून ठेवली. कार्ड, मं.चा फोन, दोन्ही त्यात.
संध्याकाळी परातीचा आवाज. आत पाहिलं, सा.बाई एका हाताने पीठ मळायचा प्रयत्न करत होत्या. पीठ परातीबाहेर. मी उंबऱ्याच्या आत कधी जात नाही त्या तिथे असताना. गेलो. परात माझ्याकडे ओढली. त्यांनी सोडली, उठल्या नाहीत. माझ्यासमोर खाली बसून राहिल्या.
मळलेलं सगळं सांडलं होतं. मी नवीन पीठ घेतलं.
"ऊन पानी घ्या. हळू. तळव्यानं रगडा, बोटानं न्हवं."
रगडलं. थापायला घेतलं तर कडा फाटायला लागल्या.
"फिरवा. थापत फिरवा. मंगीला पन येत न्हवतं पयल्यांदा."
तव्यावर टाकताना मधोमध फाटली.
मग, तव्याकडे बघत, "उंद्या त्या डाक्टरीनबाईनं आपरेशनला हात मागितला तर मी डावाच दीन. उजवा नगं म्हनून सांगा तुमी. उजव्यानं भाकरी परतते मी."
"अजून मागितलेला नाही."
"मागितला तर म्हनते."
"सांगतो."
फाटलेली भाकरी त्यांनी ताटात घेतली, दुसरी मला ठेवली. पीठ दोनांतल्या कुठल्या डब्यातलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.